पुढची तारीख

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल, त्यावर प्रिंटर, वर निळी ताडपत्री.
भाडेकरार, हक्कसोडपत्र, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र.
पानाला तीस, घाई असेल तर चाळीस.

बस्त्याव मिनेझिस चरईतून चालत येतात, मंगळवारी.
तरुणपणी सेमिनरीत चार वर्षं काढली,
पाद्री न होता लॅटिन तेवढं घेऊन परतले,
मग वागळे इस्टेटीत बॉयलरचे काटे वाचले एकतीस वर्षं.
आता एका कार्डिनलला मराठीत आणताहेत,
आठवड्याला आठ पानं, शाईच्या पेनाने.

कार्डिनल म्हणजे कोण हो, मी विचारलं.
म्हणाले, आपल्याकडे दरबारात वकील असायचे ना,
धन्याचा शब्द घेऊन परमुलखात राहणारे, तसा.
पोपचा वकील.
वकील म्हटल्यावर मला बरं वाटलं.

नाव रेनाल्दो. बाप लोकर विकायचा.
बोलोन्याला कायदा शिकला, एका बिशपची पत्रं लिहिली,
मग त्याच्या शत्रूची.
चाळिशीत लाल टोपी.

पहिली कामगिरी: मिठावरून भांडणारी दोन शहरं.
(कोपरीची मिठागरं आठव, बस्त्यावने समासात लिहिलेलं,
ते मी टाइप केलं नाही.)
सात महिने दोघं त्याच्यासोबत जेवले,
एकमेकांसोबत नाही.
शेवटी तह झाला, शिशाची मोहोर लागली.
अकराव्या दिवशी पुलावर दोन माणसं मेली,
आणि हा अजून वाटेतच, खेचरावर,
काम फत्ते झाल्याचं पत्र मनात जुळवत.

पुढे एका राजाने वेशीबाहेर थांबवलं, नव्वद दिवस.
हा रोज सकाळी पूर्ण पोशाख करून बसायचा.
अशी माणसं मला माहीत आहेत.
इस्त्रीचा सदरा, पिशवीत फाइल,
पुकारा होईल म्हणून चहासुद्धा उभ्यानेच.

पोप निवडायची वेळ आली तेव्हा तीन मतं कमी पडली.
त्या पानावर बस्त्यावची एकही खाडाखोड नव्हती.

गेल्या मंगळवारी मात्र त्यांनी पान माझ्या हातात दिलं नाही,
टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट ठेवलं.
आवक पत्रांची नोंद.
ताना नावाच्या बंदरातून एका धर्मबंधूचा अर्ज:
माझे सोबती गेले, त्यांना मीच पुरलं,
मला पुरायला कोणी उरलेलं नाही.
दोन माणसं पाठवा, आणि एक पुस्तक.
पुढे कार्डिनलच्या हातचा एकच शब्द:
नंतर.

ताना म्हणजे?
बस्त्यावनी हनुवटीनेच खाडीकडे दाखवलं.

रिक्षावाला हॉर्न देत होता, स्टॅम्पवाला जेवायला गेलेला.
मी म्हटलं, इथे 'पुढची तारीख' टाकू का?
आमच्याकडे हेच म्हणतात.
त्यांनी पेन उघडलं, 'नंतर' खोडलं,
बराच वेळ बघत राहिले,
मग खोडलेल्याखाली ठिपके देऊन तो शब्द परत जिवंत केला.
म्हणाले, तारखेला निदान आकडा असतो रे.

कार्डिनल पुढच्याच पानावर तापाने जातो.
परक्या गावात, दुसऱ्या कुठल्या तरी तहाच्या मधोमध.
पेटीत सेहेचाळीस पत्रं, मोहोर न फोडलेली.
कुणाकुणाची, ते नोंदलेलं नाही.

बस्त्यावनी सुटे पैसे मोजून दिले, पानं पिशवीत घातली,
आणि मासुंद्याच्या बाजूने निघून गेले,
उन्हातून, छत्री न उघडता.

पान एकशे बारा.
त्या ओळीपाशी समास मी जरा मोठा सोडलाय.
त्याचे जादा पैसे लावले नाहीत.