शिट्टी

गाडी सोळा-तेरा, टर्बो, दोन हजार एक सालची.
किलोमीटरचा काटा नऊ लाखांवर मेला,
त्यापुढचं तिनं कुणाला सांगितलं नाही.
वाघोलीची खडी, डबर, क्रशसँड,
चौदा वर्षं माझ्याकडं.
आधीच्या मालकाचं नाव कागदावर आहे,
आणि डॅशबोर्डवर खिळ्यानं कोरलेलं:
सुमन, भोर स्टँड, पाच वाजता.

भंगारवाला किलोत बोलायला लागला.
म्हटलं, आधी तूच बस काट्यावर.

अंबादासला मी बोलावलं नव्हतं. आला.
भोसरीत एकवीस वर्षं फोर्जिंगच्या घणाशेजारी
आधी उजवा कान गेला,
मग त्याच्या सोबतीला डावा.
निरोपाला कंपनीनं घड्याळ दिलं.
गजराचं.

चढाला गाडी दम धरत नव्हती.
काळा धूर असा, की मागचे मोटरसायकलवाले
थेट माझ्या आईपर्यंत पोचायचे.
त्यानं पाईप काढला, दोन बोटं आत घातली,
पंखा वर-खाली हलवून पाहिला.
हलला असता तर वीस हजार.
हलला नाही. नुसता फिरला, लोण्यात फिरावा तसा.
'टर्बो बरी आहे, आक्का,' तो मोठ्यानं म्हणाला,
(हल्ली सगळंच मोठ्यानं म्हणतो)
'हवा कुणीतरी मधेच खातंय.'

मग पीव्हीसीचं एक बूच,
त्याला भोक, भोकात ट्यूबचा व्हॉल्व्ह,
ते टर्बोच्या तोंडाला बसवून वरून पट्टा आवळला.
पंक्चरवाल्या रज्जाकनं नळी आणून हवा सोडली.
मी साबणाचं पाणी घेऊन उभी.

मला लगेच ऐकू आलं.
इंटरकूलरच्या खालच्या वळणावर,
दुधाच्या भांड्यावरचं झाकण फुसफुसतं तेवढंच.
सांगितलं नाही.
तो ओला तळहात घेऊन निघाला,
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा,
सांधा, पट्टा, सांधा,
एकदा पुढं गेला, परत आला,
रज्जाक तोंड उघडणार तर मी त्याच्या पायावर पाय दिला.
'इथं,' अंबादास म्हणाला.
फेस नंतर आला.

बुधवारी जुन्या बाजारात
एका मोडक्या बसचा निळा होज मिळाला, चारशेत,
दोन बोटं लांब. कापला.
स्टीम इस्त्रीच्या बॉयलरचा एक मीटरही घेतला,
त्याचा काटा आता सुमनच्या शेजारी हवा दाखवतो.
इंटरकूलर पडक्या होर्डिंगच्या अँगलवर बसवला आहे,
अँगलवर अजून कुणा भावी नगरसेवकाचं अर्धं हसू.

रविवारी पहाटे खडी भरून कात्रजच्या जुन्या घाटात.
दुसऱ्या वळणावर काटा उठला.
तिसऱ्यात चढ पायाखाली आला.
'वाजते का?' त्यानं विचारलं.
वाजत होती.
पण शिट्टी हातानं कशी सांगायची?
सरळ रस्ता बघून डावा हात सोडला,
त्याच्या मनगटावर एक बोट ठेवलं
आणि दाबत दाबत कोपरापर्यंत नेलं.
गिअर बदलताना उचललं.
पुन्हा मनगट.
तो काचेबाहेर बघत होता,
बाही मात्र त्यानं वर सारली.

वर, बोगद्याच्या अलीकडं, बाजूला घेतली.
किल्लीला हात लावला तर ओरडला, 'थांब!'
तापलेली टर्बो एकदम बंद करायची नाही,
तेल आत जळतं.
दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, बिनकामाची.
पिशवीतून त्यानं ते घड्याळ काढलं,
मांडीवर धरलं,
दुसरा हात डॅशबोर्डवर सपाट.
खाली पुण्याचे दिवे एकेक करून विझत होते.
मी काही बोलले नाही,
तोही नाही.
दीड मिनिट झालं होतं.