निफाडचा आकडा

पेपरात रोज निफाडचा आकडा छापून येतो.
परवा चार पॉइंट आठ होता.
तो गहू संशोधन केंद्रातल्या तापमापीचा.
कादवेच्या काठाला, आमच्या खोलगट दोन-दोन गुंठ्यांत
तो अजून एक पायरी उतरतो
आणि उन्हं येईस्तोवर उकिडवा बसून राहतो.

पहाटे ठिबकच्या नळीवर दहिवर.
मेथीवर कुणी खडेमीठ कुटून भुरभुरल्यागत.
दहाच्या उन्हात मग पान काळं पडतं,
उकडून काढल्यासारखं.
गारठ्यानंही करपतं, हे मला
पॉइंट्समनची नोकरी संपल्यावर, साठीत कळलं.

पौषातली कामं बारीक असतात.
वाटाण्याला तुराट्या रोवायच्या.
वालाच्या शेंड्यावर मावा; दव ओलं आहे तोवरच
चुलीतली राख धुरळायची, म्हणजे चिकटते.
शेवंती सरली, तिचं खोड वीतभर ठेवून कापायचं,
बुडातून काश्या फुटल्यात, त्यांना हात लावायचा नाही.
कांद्याचं रोप चार बोटांवर लावता लावता
कंबर विसरायची.
लसणाला काहीच विचारायचं नाही.

शेजारचा तुकडा झुंबरबाई तिदमेंचा.
दिवाळीपासून आमचं बोलणं बंद.
कारण अर्धा इंची नळी.
पाळी कुणाची होती, कॉक कुणी फिरवला.
तरी तिच्या बागेतलं मला सगळं ठाऊक:
टोमॅटोवर जुनी लुगडी,
एक जांभळं, एक हिरव्या काठाचं,
मिरचीच्या रोपांवर बारदान,
वांग्यांवर खताच्या उसवलेल्या गोण्या,
त्यावरचं 'युरिया' अजून वाचता येतं.
सगळी रांगेनं निजलेली,
लग्नघरात मध्यरात्री माणसं असतात तशी.

त्या रात्री वारा पडला.
वारा पडला की इथं कुणाला झोप लागत नाही.
आभाळ धुऊन वाळत घातलेलं,
नांदूरमध्यमेश्वराकडून बदकं गेली,
पत्र्यावरून चालत गेल्यासारखी.
लाईट दीडला येणार होती.
विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं,
सरीत सोडलं की माती थोडी धग धरते.
गजर लावला, कानटोपीसकट पडलो, उठलो,
बटण दाबलं.
मोटार नुसती गुणगुणली.
एक फेज गेलेला.

बॅटरी घेऊन बांधावर उभा राहिलो.
करणार काय?
टोपी काढून एका वांग्याला घालणार?

तेव्हा पलीकडं जाळ दिसला.
द्राक्षाच्या सुक्या काड्या, वर ओला पाचोळा.
जाळ कमी, धूर फार.
तिनं शेकोटी टोमॅटोपाशी नव्हती लावली.
पार वरच्या कोपऱ्यात लावलेली.
वारा पडला तरी तिथून एक झुळूक नदीकडं उतरते,
आधी माझ्या कांद्यावरून जाते
आणि उरली तर तिच्या मिरचीकडं वळते.
हे तिला माहीत आहे.
मला वाटायचं, मला एकट्यालाच.

धूर सरपटत आला, बांधापाशी जरा थबकला,
मग उतरला माझ्या वाफ्यांत.
मी खोकलो. मुद्दाम नाही.
पलीकडं बांगड्या वाजल्या,
काड्या मोडल्याचा आवाज.
पहाटेपर्यंत एवढंच.

पुढच्या पेपरात आकडा आला, तीन पॉइंट नऊ.
माझी मेथी गेली. वांग्याची सहाही झाडं गेली.
कांदा उभा आहे.
तिचं जांभळं लुगडं कोपऱ्याला जळालं, वीतभर.

उद्या भोगी.
माझ्याकडं वाटाणा आहे, वांगी नाहीत.
सकाळी बांधावर त्याच पेपरावर
दोन ओंजळी शेंगा ठेवल्या,
आकडा दिसेल असा घडी घालून.

दुपारी पाहिलं तर शेंगा तशाच.
नळीचं तोंड मात्र माझ्या सरीकडं वळवलेलं,
पाणी चालू.

आज पाळी तिची आहे.
मला नक्की आठवतंय.