दुरुस्तीचा रकाना

खडकीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर.
हलकी मशीनगन, म्हणायला हलकी.
लोंढे मास्तरांनी पहिल्या दिवशी हातांवर ठेवली
तेव्हा माझा धाकटा झोपेत जड होतो
तेवढी भरली.

मार्क एकचे सगळे लाड:
दस्त्याखाली जादा मूठ, लांबवता येणारे पाय,
नेम धरायला फिरती चकती.
मार्क दोनला युद्धाची घाई.
मूठ गेली, चकती गेली, पाय एकाच उंचीचे.
मार्क तीनची नळी आखूड.
मग काडतूसच बदललं.
जुन्याच्या बुडाला कड होती,
कडेवर कड बसली की रांग वाकते,
म्हणून मॅगझिन कोयत्यासारखं.
कड गेली आणि ते जवळजवळ सरळ झालं.
एवढ्याशा ओठापायी
एकोणीस शीट मी पुन्हा काढल्या.

बदलाची नोंद उजव्या कोपऱ्यात:
अक्षर, तारीख, कारण, सही.
वजन कमी. खर्च कमी. हात भाजतो अशी तक्रार.
जुनी रेघ पात्याने खरवडायची,
जागा नखाने घोटायची, वर नवी ओढायची.
अमोनियाने डोळे लाल व्हायचे,
घरी सासूबाई विचारायच्या, कोण बोललं गं तुला?

दुपारी रेंज हिल्सकडून तडतड यायची.
तीन. थांबून दोन. मग नुसतंच थांबणं.
मास्तर बशीतला चहा न हिंदकळता म्हणायचे,
"अरे, गॅसचं भोक मोठं घ्या कुणीतरी."

एकदा सीमेवरून परतलेल्या गनचा दस्ता आला.
डाव्या अंगाला, गाल टेकतो तिथे,
लाकूड उतरवलेलं.
आधी चाकूने, मग काचेने,
मग नुसत्या गालाने.
फॉर्मवर छापलं होतं: दोष.
काय लिहू?
"चार मिलिमीटर. विनापरवाना."
आणि कोणी केलं ते?
मास्तरांनी चष्मा पुसला.
"त्याला रकाना नाही, रणपिसेबाई."

नवा दस्ता लागून गन गेली.
त्या रात्री ओट्याशेजारी ट्रेसिंग पेपर पसरून
मी तो उतार आठवणीने काढायला बसले.
फ्रेंच कर्व्हची एकही बाजू त्याला लागेना.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
हाताने रेघ ओढली.
अक्षर घातलं, तारीख घातली.

कागद अजून आहे, पैठणीच्या घडीत.
परवा नातीने उलगडला,
आजी, ही पर्वती का?
नाही गं, म्हटलं,
पर्वती याहून चढी आहे.