एनेबिश

मूरूनच्या इस्पितळात रात्रीचे दोन, उणे अडतीस.
खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ.
माझ्या हातात ते कार्ड. प्लास्टिकचा एक कोपरा सुटलेला,
'रक्तगट' या शब्दावर आयोडिनचा जुना डाग.

डॉक्टर पुरेवसुरेनना कागद आवडत नाही.
तीस वर्षं पोटं उघडतोय, म्हणतात,
माझ्या बोटांना वाचता येतं.
धुतलेले हात वर धरून ते थांबलेत,
कोपरांवरून पाणी ठिबकतंय,
आणि मी शाळकरी पोरीसारखी विचारते:
रुग्णाचं नाव?

पोरगा अजून जागा आहे.
घोड्याच्या लाथेनं प्लीहा फुटलीय, ओठ राखेसारखे,
तरी स्पष्ट सांगतो: एनेबिश.
म्हणजे, 'हा तो नव्हे'.

आधीची दोन गेली, म्हणून आईनं हे नाव ठेवलं.
रात्री जो शोधत येतो
त्यानं दारातच ऐकावं, आणि चुकून पुढं जावं.
मला चुकून चालणार नाही.
मनगटावरची पट्टी बघते, फाइल बघते.
हाच तो.
भूल देणारी सारनाई मास्कमागं हसते.

ॲलर्जी? नाही.
रक्त? दोन पिशव्या; तिसरी अजून
पलीकडच्या खोलीत चुलत्याच्या दंडातून भरतेय.
बाजू?
"प्लीहा डावीकडंच असते, बाई."
मी तरी खूण करते.

दोन तासांनी त्यांनी सुई मागितली
आणि मी गॉजच्या घड्या मोजल्या. एकोणतीस.
तीस हव्यात.
पुन्हा मोजल्या. एकोणतीस.
"शिवू नका," असं जे मी म्हणाले
तो आवाज कार्डाचा होता.
माझा असता तर घशातच बसला असता.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सुई खाली ठेवली.
हात मनगटापर्यंत आत गेला,
अंधारात चप्पल शोधावी तसा,
आणि जठराच्या मागून
तळहाताएवढी लाल घडी घेऊन वर आला.
"तीस," तेच म्हणाले,
माझ्याआधी.

पहाटे कार्ड स्पिरिटनं पुसलं, खिळ्याला अडकवलं.
सुटल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली;
थंडीत ती टिकत नाही.

बाहेर बाकावर आई, मांडीत चहाचा थर्मास.
जगला का, हे तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.
एवढंच विचारलं:
आत त्याचं नाव मोठ्यानं घेतलंत ना?

तीनदा, मी म्हणाले.
भुलीआधी, कापण्याआधी, आणि शिवून झाल्यावर.

तिनं थर्मासचं झाकण उघडलं.