तिसरं पाणी

कणीक तिंबावी तशी मी तिंबते निळाई.
मेण, राळ, व्हेनिसहून आलेल्या लाजवर्दाची पूड,
तीन दिवस झाकून ठेवलेला गोळा
राखेच्या कोमट पाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचा.
बाप्ये कंटाळतात. मास्तर बार्तालो म्हणतो,
गिझोला, हे बायकांचंच काम.
म्हणतो, आणि मजुरीही बायकांचीच देतो.

आधी काहीच येत नाही. पाणी पाण्यासारखं.
मग रुसलेलं मूल एकदम बोलावं
तशी गोळ्यातून एक रेघ सुटते.
ती पहिल्या धारेची. तिचं वजन सोनाराच्या काट्यावर.
करारात लिहिलंय : मातेच्या झग्याला
औंसाला चार फ्लोरिनचा निळा, त्याहून हलका चालणार नाही.
दुसरं पाणी आभाळाला, देवदूतांच्या अस्तराला.
तिसऱ्यात नुसती राख,
निळ्याची आठवण झालेली राख.
ते मास्तर मोजत नाही.

दगड आला तेव्हा त्याची एक बाजू काळी होती.
मी विचारलं. व्यापारी म्हणाला, धूर आहे तो.
तिकडे, समुद्रापलीकडे, उंटांच्याही पलीकडे,
डोंगराच्या पोटात जाळ करतात,
कातळ तापला की गार पाणी मारतात, तडकतो.
आणि आत माणसं?
त्याने खांदे उडवले. माणसांचा भाव त्याला ठाऊक नव्हता.
मी काजळी खरवडून टाकली. रंग मळतो तिने.
पण दोन दिवस माझी नखं निळी
आणि एक अंगठा काळा.

आता चित्र वेदीवर चढलंय.
मी रोज जाते, गुडघे टेकते, वर बघत राहते.
शेजारीण म्हणते, नवरा गेल्यापासून गिझोला देवाधर्माला लागली.
म्हणू दे.
मी खांदा बघते : तो मार्चातला, थंडीने बोटं फुटली होती.
गुडघ्यावरची घडी : तिच्याखाली स्वस्तातला निळा आहे,
वर माझा फक्त एक हात.
हे मास्तरला माहीत, मला माहीत,
आणि ती काही बोलायची नाही.

आणि डाव्या पावलापाशी,
मेणबत्त्यांचा धूर जिथे आधी पोचतो
आणि लोकांची नजर शेवटी,
तिथे बोटभर राखाडी सावली आहे.
मास्तर जेवायला गेला होता. उरलेलं तिसरं पाणी आटवून,
बलकात कालवून, मी लावलं.
अंगठ्याने.

नाव ठाऊक असतं
तर मेणबत्तीच लावली असती.