मृदा-छेद, प्रात्यक्षिक सातवं

सहा बाय तीन, खोली पाच फूट.
भिलू मामांनी दोन दिवस खणला
आणि मातीचे दोन ढीग केले,
एक बाभळीकडे, एक बांधाकडे.
का, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

धुळ्याहून आलेली बस सावलीला लागली,
बावीस जण, बावीस जर्नलं,
आणि बाविस्कर सरांच्या हातात रंगांची ती वही,
जिच्या पानापानाला भोकं आहेत.
भोकातून माती बघायची आणि म्हणायचं:
दहा वाय आर, तीन बाय दोन.
आई म्हणाली असती, कळण्याच्या भाकरीचा रंग.
तो जर्नलात चालत नाही.

खाली उतरले.
वरचं बोलणं डोक्यावरून जाऊ लागलं,
नेहमीसारखंच,
फक्त आज त्याला कारण होतं.

खुरप्यानं भिंत खरवडली. खिळे ठोकले.
पहिल्या खिळ्यापर्यंत कपाशीची मुळं,
त्याखाली एक ढेकूळ, एका अंगानं आरशासारखं गुळगुळीत:
ही माती उन्हाळ्यात फाटते, पाणी प्यायली की फुगते,
आपली आपल्यालाच घासते
आणि चकाकते.
याला दोन मार्क आहेत.

साठ सेंटिमीटरवर आम्लाचा थेंब टाकला.
आधी ऐकू आलं, मग दिसलं,
चुना फसफसत होता.

"पोत सांगा," राहुरीहून आलेले परीक्षक वरून म्हणाले,
"बोटांनी."
चिमूट ओली केली, मळली,
अंगठ्यानं तर्जनीवरून पट्टी ढकलत नेली.
आखाजीला आई मांड्याचा गोळा
दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवते,
मी शेजारी परात धरून. "अजून मळ,
ती सांगीन ना कधी ते."
पट्टी तीन इंच झाली. लोंबली. तुटली.
"चिकण. पंचावन्न टक्के."
"कशावरून?"
आखाजीचं मी बोलले नाही.
"पट्टीच्या लांबीवरून, सर."

मग द्रौपदाबाई महाले, जिचं शेत,
काठाशी उकिडवी बसून मला म्हणाली,
"इतलं खाले जाईसन काय दिखनं, पोरी?
खालना तुकडामा काहीच येत नही. त्याले काय करू?"
मी तो तुकडा पाहिला होता, पांढरा, कडक, पापुद्र्याचा.
सामू नऊच्या वर. जिप्सम, सेंद्रिय खत, चर.
सगळं पाठ होतं, ओठांपर्यंत आलं होतं,
आणि नेमके आठवले धरणगावचे मेहुणे:
"पदवी झाली का मला दे फक्त,
दुकानात फ्रेम करून लावतो,
परवाना तुझ्या नावावर, गल्ला मी पाहतो.
तुला यायची पण गरज नाही."

माझ्या नावाखाली कोण काय सांगेल,
कुठल्या बाटलीतून किती,
कुठल्या द्रौपदाबाईला,
आणि मी कुठं असेन.

"नमुना नेते," मी म्हटलं. "तपासून सांगते. मीच येऊन सांगते."
"हाई खारी शे," भिलू मामा बिडी विझवत म्हणाले,
"धाबावर टाकतस. पानी गळत नही."
सरांनी मान डोलावली. हेही लिहा, म्हणाले.
कुठल्या रकान्यात, ते सांगितलं नाही.

पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर,
शिसपेन्सिलीनं, कारण ओलीत शाई पसरते.
नमुना सात-ब. खोली शून्य ते पंधरा.
घेणार: हेमांगी सैंदाणे.
सहीची जागा सरांची. मी ती मोकळी सोडली.

बस हॉर्न देत होती.
मी फावडं घेतलं आणि जवळचाच ढीग खड्ड्यात लोटू लागले.
मामांनी दांडा धरला.
"आधी खालनी. मंग वरनी.
नही ते पाच वरीस तठे काहीच उगाव नही.
हाई तुना पुस्तकमा लिखेल नही का?"

लिहिलेलं होतं. पान मला आठवत होतं.
मी बांधाकडच्या ढिगाकडे गेले.