दस्तुरखुद्द

शुक्रवारी दौलतगंजात गिर्राज कुशवाह
रद्दीचं पोतं सोडतो, तेव्हा आधी मला हाक मारतो.
"बाबूजी, पलटन का कागज."
वजनावर देत नाही आता. शहाणा झालाय.
माझ्या डोळ्यांकडे बघून भाव ठरवतो,
म्हणून मी हल्ली चष्मा पुसत पुसत बोलतो.

ग्वाल्हेरच्या या अर्ध्या गावाचं नावच लष्कर.
छावणी पडली, तंबूंची घरं झाली, घरांची दुकानं,
आणि कागद पोत्यांत गेले.

महालेखाकारांच्या कचेरीत चौतीस वर्षं
मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या.
निवृत्त झालो आणि सह्याच जमवू लागलो.
रिसालदारांच्या, किल्लेदारांच्या,
एका फिरंगी कप्तानाची, तिचा शेवटचा फराटा
पानाबाहेर पडायला निघालेला.
पुण्याचे एक गृहस्थ फोनवर विचारतात,
"मोठं कोणी आहे का त्यात?"

या खेपेला मोठं कोणी नव्हतं.
तोफखान्याचा हजेरीपट, मोडीत. एक कोपरा उंदरांनी नेलेला.
घडी उलगडली तर शाई टिपायची वाळू
अजून आत होती. टेबलावर सांडली चिमूटभर.
झटकायला हात उचलला, आणि तसाच ठेवला.

हैबती बिन रायाजी, गोलंदाज. दरमहा रुपये सात. पावले.
निशाणी कट्यार.
त्याच्याखाली तुळाजी. निशाणी कट्यार.
बेचाळीस नावं, बेचाळीस कट्यारी,
सगळ्या डावीकडे कललेल्या,
सगळ्यांची मूठ एकाच झटक्यात ओढलेली.
लिहिता येत नाही त्याने कट्यार काढावी, असा रिवाज.
इथे सगळ्यांच्या एकानेच काढल्या होत्या.
लिंगो रामाजी, कारकून, निसबत तोफखाना.
त्याची सही मात्र बघत राहावी अशी,
वेलांटी रेघेवरून उडी मारते आणि न सांडता परत येते.

मग त्याच पोत्यातला दुसरा, हातरुमालाएवढा कागद.
गोजी कोम हैबती. नवरा छ ९ सफर रोजी
तोफ फुटून ठार. बाकी देणे रुपये चार, आणे दोन. पावले.
निशाणी बांगडी.

सफर. मी बोटांवर मोजलं.
हजेरीपटात रबिलावलचे सात रुपये हैबतीला पावले.
रबिलाखरचे पावले. जमादिलावलचे पावले.
तीन महिने मेलेला माणूस कट्यार काढत होता,
डावीकडे कललेली.

हाताची सवय जात नाही.
लाल पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेवर लिहिलं:
आक्षेप क्रमांक एक. रुपये एकवीस. वसुली
कुणाकडून?
आमचं आडनाव पोतनीस.
तेव्हा खजिन्याची किल्ली कुणाच्या कमरेला होती
ते मी शोधलेलं नाही.
शोधता येईल. घरात वंशावळ आहे.

नोव्हेंबरात बँकेत गेलो, हयातीचा दाखला द्यायला.
खिडकीतल्या मुलीने सही पाहिली, पडदा पाहिला,
परत सही.
"पोतनीस साहब, मैच नहीं हो रही."
पुन्हा केली. 'प'ची काठी थरथरली.
तिसऱ्यांदा केली.
मग तिने शाईचा पॅड पुढे सरकवला,
माझा अंगठा आपल्या हातात धरून, मायेनेच, टेकवला.
मी जिवंत आहे हे तिच्या अक्षरात आहे.

पुण्याच्यांना लिंगोची सही हवी. रक्कम चांगली सांगतात.
देईन बहुतेक.
गोजीचा कागद त्यांना नको.

तो मी रात्री दिव्याखाली धरतो.
ही बांगडी कारकुनाची नव्हे.
पहिल्यांदा बोरू धरलेला हात आहे:
सुरुवातीला डाग, मग वाकडी, मग केसाएवढी बारीक, मग दाबून,
आणि जिथे मिटायची तिथे गव्हाच्या दाण्याएवढी फट.
मनगट नुकतंच रिकामं झालेलं,
आणि लिहून घेणारा म्हणत असेल, बांगडी काढ.

माझ्या अंगठ्याची शाई अजून गेलेली नाही.
कागद कडेने धरतो.